वाळवंटात ओळखीचं एक घर

आमचं शेवटचं बोलणं सावलीबद्दल झालं. डायलिसिस सेंटरमध्ये त्या दिवशी नानांना खिडकीजवळचा पलंग मिळाला होता. डाव्या हातात सुया टोचून झाल्या होत्या, मशीन सुरू झालं होतं. बाहेर वैशाखातलं जळगाव सकाळीच पांढरं पडायला लागलं होतं. खिडकीकडे बघत नाना म्हणाले, "मिलिंदले विचार, त्या दोन गावांच्या मधात सावली कुठं हाये. गाडी उभी करायची म्हटली तं एखादं झाड पाहिजे ना." मी म्हटलं, "संध्याकाळी फोन आला की विचारते." "इसरू नको." "नाही विसरत." मग औषधांची चिठ्ठी घेऊन मी खाली दुकानात गेले. तिथे रांग होती. वर आले तेव्हा त्यांच्या पलंगाभोवती पडदा ओढलेला होता, आणि जी मुलगी नेहमी त्यांना मशीन लावायची, ती पडद्याबाहेर येऊन म्हणाली, "काकू, जरा बाहेर बसा." मी बाहेर जाऊन बसले. मांडीवर औषधांची पिशवी होती. त्यातली एकही गोळी आता लागणार नाही हे मला कळलं होतं, तरी पिशवीची गाठ नीट आहे ना हे मी दोनदा बघितलं...

ती दोन गावं आपल्या जिल्ह्यातली नव्हती. ती अमेरिकेत आहेत, ॲरिझोना आणि युटाच्या सीमेवर, लाल दगडांच्या प्रचंड दऱ्यांच्या मुलखात. आमचा मुलगा मिलिंद, सून गौरी, नात ईशा आणि नातू निनाद फिनिक्सला राहतात, आणि त्या चौघांबरोबर गाडीने तो मुलूख बघायचा बेत नाना गेली दोन वर्षं करत होते. नाना म्हणजे माझे पती. घरात, गल्लीत, बाजारात सगळेच त्यांना नाना म्हणत, मग मीही म्हणू लागले. त्यांना जाऊन महिना उलटून गेला. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहिते आहे खरी, पण हे ईशा आणि निनादसाठी आहे. त्यांना मराठी बोलता येतं, वाचायला वेळ लागतो; मिलिंद वाचून दाखवील. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही.

मुलांनो, तुम्हाला नाना माहीत आहेत ते बहुतेक फोनमधले. म्हणजे अर्धं कपाळ आणि वर फिरणारा पंखा. फोन कसा धरायचा ते त्यांना कधीच जमलं नाही. म्हणून बाकीचे नाना कसे होते ते सांगते. ते असोद्याचे. घरची केळी आणि कपाशी होती. भावांनी शेती सांभाळली, नानांनी जळगावात पाण्याच्या मोटारी आणि पंपांचं दुकान काढलं. पंप विकायचे, आणि बिघडला की स्वतः जाऊन दुरुस्त करायचे. चोपड्यापासून बोदवडपर्यंत कुठल्या शेतातल्या विहिरीला किती पाणी आहे, हे त्यांना तोंडपाठ असायचं. बोदवडला गाडीतून उतरलं की स्टेशनाबाहेर पडेपर्यंत दोघंतिघं तरी "नाना, जेवून जा" म्हणायचे, आणि नाना कोणालाही नाही म्हणत नसत. मी धुळ्याची, वकिलाची मुलगी. इंग्रजी घेऊन एम.ए. झाले, पुढे इथल्या कॉलेजात शिकवलं. वेळेवर निघायचं आणि वेळेवर पोचायचं, हे माझ्या अंगवळणी पडलेलं. नाना मला चिडवायला 'मास्तरीनबाई' म्हणत.

आमच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर जीपने माहेरी गेले, ते मला आजही आठवतं. जळगावहून धुळं दोन-अडीच तासांचं. माझ्या आईने दुपारच्या जेवणाला बोलावलं होतं. आम्ही पोचलो दिवेलागणीला. पाळधीला एका घरी चहा, एरंडोलला एकांकडे शेव-पोहे, पारोळ्याला तर पान वाढलेलंच होतं. मी हळूच म्हटलं, "अहो, आई वाट बघत असेल." नाना म्हणाले, "ती तं आपलीच हाये, ती समजून घेईन. हा मानूस काय समजीन? दारावरून गेले अन् उतरले नही, असं म्हनीन ना तो." प्रवास म्हणजे त्यांच्या लेखी एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणं नव्हतंच. वाटेवर कोणकोण राहतं आणि कोणाला वाईट वाटेल, यावरून त्यांचा रस्ता ठरायचा. कधीकधी तर सरळ रस्ता सोडून आठ-दहा मैल आत जायचं, कारण तिथे कोणाच्या तरी मुलीचं सासर असायचं. ईशा, तू पाच वर्षांची असताना आलीस, तेव्हा तुलाही त्यांनी असंच नेलं होतं. परतीच्या वाटेवर तू मला इंग्रजीत विचारलंस, "आजी, आपण सगळ्यांच्या घरी का जेवतो?" मी नानांना ते मराठीत सांगितलं. ते इतके हसले की त्यांना जीप बाजूला घ्यावी लागली.

निनादच्या जन्माच्या वेळी आम्ही फिनिक्सला येऊन राहिलो होतो. तेव्हा बाळामुळे कुठे जाणं झालं नाही. मुलं मोठी झाली की सगळे मिळून गाडीने दऱ्या बघायला जाऊ, असं तेव्हाच बोलणं झालं होतं. मग दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मिलिंदने विषय काढला. फोनवर नकाशा दाखवत त्याने सांगितलं, फिनिक्सहून निघायचं, ग्रँड कॅन्यन, मग पेज नावाचं गाव, मग वर युटात, मग परत. नाना मान पुढे घालून बघत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "या रस्त्याले आपलं कोन हाये?"

मिलिंद म्हणाला, "कोणी नाही, नाना. वाळवंट आहे ते."

"एवढ्या रस्त्यात कोनीच नही?"

"हॉटेलं आहेत ना. बुकिंग करून ठेवू."

"ते तं झालं रे बापा. पन रस्त्यात काही झालं तं हाक कोनाले मारायची?"

मिलिंद हसला. त्याने सांगितलं की तिकडे एका नंबरवर फोन केला की मदत येते. नानांचं समाधान झालं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फोन सुरू केले. धुळ्याच्या अक्का, म्हणजे त्यांच्या मोठ्या बहीण, यांना आधी विचारलं. अक्कांचं सासर धुळ्याजवळच्या खेड्यातलं, बोलणं सगळं अहिराणी. त्या म्हणाल्या, "मना भाऊले वाळवंटमा कशाले लई जातस? आठे काय ऊन कमी शे?" नाना म्हणाले, "अक्का, ऊन राहू दे. अमेरिकेत कोन हाये ते सांग." अक्कांच्या शेजारणीची बहीण नवापूरला दिली होती. तिच्या नात्यातला एक गुजराती मुलगा फार वर्षांपूर्वी अमेरिकेला गेला होता, कुठे ते कोणालाच माहीत नव्हतं. पुढचे दोन-तीन आठवडे नाना त्या मुलाच्या मागे लागले. नवापूर झालं, व्यारा झालं, सुरत झालं. मी कपाळावर हात मारून घेत असे. शेवटी एक दिवस ते आतल्या खोलीतून ओरडले, "मास्तरीनबाई, सापडला." तो मुलगा म्हणजे आता साठी ओलांडलेले जयंतीभाई. युटातल्या एका छोट्या गावात त्यांचं मोटेल होतं, मिलिंदच्या नकाशातल्या रस्त्यापासून थोडं आडवाटेला. ते नवापूरच्या शाळेत शिकलेले, मराठी समजत होतं, मोडकंतोडकं बोलतही होते. नानांनी त्यांच्याशी पहिल्याच फोनवर तासभर गप्पा मारल्या. पाऊस, कापूस, नवापूरचं स्टेशन... फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "मिलिंदले सांग, रस्ता बदलव. आता तिथं आपलं घर हाये."

मिलिंद वैतागला. "आई, त्यासाठी वाट वाकडी करावी लागेल." मी म्हटलं, "तू लहान होतास तेव्हापासून तुला माहीत आहे. कर." त्याने केली.

नानांच्या किडन्या त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. मधुमेह जुना होता, आम्ही सांभाळत होतो, निदान तसं मला वाटत होतं. पाय सुजले, धाप लागायला लागली, आणि मग डॉक्टरांनी सांगितलं की आता डायलिसिसशिवाय इलाज नाही. आठवड्यातले तीन दिवस मशीनचे झाले. डाव्या हातावर शस्त्रक्रिया करून मशीनसाठी शीर तयार केली. त्या हाताला धक्का लागू द्यायचा नाही, तो ओढायचा नाही, त्यावर रक्तदाब मोजायचा नाही. केळी बंद झाली. असोद्याच्या माणसाला केळी बंद, यावर ते स्वतःच विनोद करायचे. पण पाण्याचं त्यांना फार जड गेलं. दिवसभरात एक छोटी बाटली, त्यातच चहा, त्यातच आमटी. ती बाटली मी सकाळी भरून देत असे. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात पाणी आणलं, त्याला मी घोट मोजून पाणी देत होते. कधी ते रिकामी बाटली माझ्यासमोर नुसती धरायचे. मी मान हलवायचे. ते बाटली खाली ठेवायचे.

मला वाटलं होतं की आता प्रवासाचा विषय मागे पडेल. उलट झालं. मशीनवर चार-चार तास पडून राहायचं, तेव्हा करायला दुसरं काय होतं? त्या सगळ्या वेळात ते अमेरिकेतल्या रस्त्यावर असायचे. मिलिंदचा फोन आला की प्रश्न तयार.

"सकाळी किती वाजता निघायचं ठरवलं?"

"नाश्ता करून निघू, नाना. दहापर्यंत."

"दहा वाजता? अरे, दहाले तं मानसानं पोचलं पाहिजे. उजाडायच्या आधी निघायचं, दुपारी छपराखाली बसायचं. जळगावचा असून तुले हे सांगा लागते?"

"गाडीला एसी आहे, नाना."

"गाडीले हाये. गाडी बंद पडली मंग?"

"मी इतकी वर्षं वाळवंटातच राहतो."

"राह्यतो ना. दार लावून राह्यतो."

मागून गौरीचं हसणं ऐकू यायचं. मग पाण्याचा प्रश्न. प्रत्येक माणसाला किती, गाडीच्या रेडिएटरला वेगळं किती, आणि ते कॅन सावलीत कुठे ठेवायचे. मिलिंद म्हणायचा, वाटेत दुकानं आहेत. नाना विचारायचे, दुकान कुठे आहे, रविवारी उघडं असतं का. शेजारी मी बसलेली असायचे. समोर टेबलावर त्यांची ती छोटी बाटली असायची, आणि ते तुम्हा दोघांसाठी पिंपभर पाण्याचा हिशेब करत असायचे. मी उठून स्वयंपाकघरात जात असे.

डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात सांगितलं होतं. नाना आत होते. "काकू, लांबचा विमानप्रवास आता विसरा. हृदयही थकलंय." मी विचारलं, तिकडे वाटेत डायलिसिस करता आलं तर? ते म्हणाले, "करता येतं, लोक करतातही. पण यांचं नाही जमणार." तेवढंच. त्या दिवशी मी आत गेले तेव्हा नानांनी विचारलं, "काय म्हने डॉक्टर?" मी म्हटलं, "रिपोर्ट बरे आहेत." संध्याकाळी मिलिंदला फोन करून खरं सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू सांग त्यांना." मी म्हटलं, "तू मुलगा आहेस, तू सांग." दुसऱ्या दिवशी त्याने फोन केला, आणि मी बघत होते... नानांनी त्याला विचारलं, जयंतीभाईंच्या गावाला पोचायला संध्याकाळ होईल का, आणि मिलिंद म्हणाला, "नाही नाना, उजेडात पोचू." त्यानंतर कोणीच काही सांगितलं नाही. घरातल्या शिकलेल्या, नोकऱ्या केलेल्या, माणसं हाताळलेल्या आम्हा तिघांपैकी, मला, मिलिंदला की गौरीला, एकालाही ते एक वाक्य बोलता आलं नाही.

माघात नानांनी एक हट्ट धरला. ईशा, तू शाळेच्या सहलीला गेली होतीस तेव्हा एका लाल दरीचे फोटो पाठवले होतेस. ते बघून नाना म्हणाले होते, "अशा घळी तं आपल्या तापीले हायेत." तापीच्या काठाने पावसाच्या पाण्याने माती कापून कापून खोल घळी पडल्या आहेत, ते खरं आहे. रंग लाल नाही, पिवळट मातकट आहे, आणि खोलीची तर तुलनाच नको. पण नानांना त्या बघायच्या होत्या. "चाचनी घेऊ," ते म्हणाले. "मले किती चालता येते ते तं समजीन." डायलिसिस नसलेल्या दिवशी पुतण्या सुनीलने गाडी काढली. आम्ही पहाटे निघालो, अर्थातच. तापीचा पूल ओलांडून चोपड्याच्या रस्त्याला लागलो. नानांच्या ओळखीचं एक शेत होतं; तिथे शेतमालकाने वांगी आणून ठेवली होती. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजली, भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी होत्या. नानांना मी दोन घास दिले, बिनमिठाचे वेगळे काढलेले. त्यांनी ते चवीने खाल्ले आणि बाकीच्यांना आग्रह करत बसले.

मग आम्ही घळीच्या काठाकडे गेलो. नाना काठी टेकत पुढे, सुनील शेजारी, मी मागे. काठापासून थोडं अलीकडे जमीन उतरती होती. नाना तिथे उभे राहिले, खाली बघितलं, आणि म्हणाले, "अं, हे असंच असीन. फक्त मोठं." त्यांनी फोन काढून तुम्हाला दाखवायचं म्हटलं, पण तिथे रेंज नव्हती. मग ते खाली बसले. थकले म्हणून बसले की नीट बघायला बसले, मला कळलं नाही. पुष्कळ वेळ बसले. उठायची वेळ झाली तेव्हा त्यांना उठता येईना. पायांत जोरच नव्हता. मी नेहमीसारखा हात पुढे केला आणि लक्षात आलं की मी त्यांच्या डाव्या बाजूला आहे. तो हात ओढायचा नव्हता. उतारावर मला पलीकडे जाता येईना. सुनीलने मागून बगलेत हात घातले, तर तोच घसरायला लागला. आम्ही तिघं तसेच थांबलो. नाना म्हणाले, "मी तं बसलो बापा. आता तुमचं तुम्ही ठरवा." ते हसत होते. मला हसता येत नव्हतं. अखेर सुनील शेतातून दोघांना बोलावून घेऊन आला आणि त्यांनी नानांना उचलून गाडीत ठेवलं.

परतताना मला वाटलं, आता त्यांना समजलं. आता आपण काही सांगायची गरज नाही. मला सुटल्यासारखंही झालं, खोटं कशाला बोलू. पूल ओलांडला, आणि नानांनी विचारलं, "तिकडं काठाले कठडे असतीन ना? मिलिंदले विचार, कुठं कुठं हायेत." मी म्हटलं, "विचारते."

त्यानंतर मात्र ते हळूहळू कमी बोलू लागले. पासपोर्टची चौकशी थांबली. बोलताना 'आपण' ऐवजी 'मुलं' असं यायला लागलं. मुलांनी टोप्या घ्यायला पाहिजेत, मुलांना दुपारी खाली उतरू देऊ नका. माझ्या ते बरोबर लक्षात आलं. मी मनाशी धरून चालले की नानांना कळलेलं आहे. आपण जाणार नाही हे त्यांना ठाऊक आहे, आणि आता ते तुमच्यासाठी रस्ता तयार करून ठेवत आहेत. ही कल्पना मी घट्ट धरून ठेवली. तिच्यामुळे मला त्यांच्यासमोर बसून त्या सावलीबद्दल, झाडांबद्दल बोलता येत होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस झाला, त्यांना चमचाभर दिला. सांजोऱ्या झाल्या. अक्का आल्या होत्या. जाताना दारात मला म्हणाल्या, "त्याले बठ्ठं समजेल शे, वहिनी. तू जीवले लाई लेऊ नको." नानांना सगळं कळलेलं आहे, मलाही तेच ऐकायचं होतं.

आणि मग ती वैशाखातली सकाळ. मिलिंदला फोन केला तेव्हा तिकडे रात्र होती. तो विमानात बसेपर्यंतच इथली दुपार उलटली. असल्या उन्हात थांबणं शक्य नव्हतं. सगळ्यांनी तेच सांगितलं, आणि मीही हो म्हटलं. अग्नी सुनीलने दिला. तुम्ही फोनवर पाहिलंत. कोणाच्या तरी हातात फोन होता, तो हात सारखा हलत होता, असं निनाद नंतर म्हणाला. मिलिंद आला तो अस्थी गोळा करायला. तापीवर आम्ही गेलो तेव्हा त्याने मला विचारलं, "आई, त्यांना माहीत होतं ना गं?" मी म्हटलं, "होतं." त्याला तेवढंच हवं होतं. तेराव्यानंतर तो परत गेला. जाताना म्हणाला, दऱ्यांचा प्रवास रद्द करतो, आता त्यात काय राहिलं. मी अडवलं नाही.

गेल्या आठवड्यात नानांचा फोन वाजला. तो मी अजून चार्ज करून ठेवते, कारण शेतांवरून त्यांना विचारणारे फोन अजून येतात आणि प्रत्येकाला सांगावं लागतं. पलीकडे जयंतीभाई होते. मिलिंदने त्यांना कळवलं होतं. ते आणि त्यांच्या पत्नी हंसाबेन, दोघंही फोनवर होते. दोघंही रडत होते, आणि आमची कधी भेटही झालेली नव्हती. थोड्या वेळाने जयंतीभाई म्हणाले, "बेन, एक विचारायचं होतं. ती खालची रूम ठेवू की नको ठेवू?"

मी विचारलं, "कुठली खालची?"

"नानाभाईंनी सांगितलेलं. म्हणाले, माझ्याने जिना होत नाही, मला खालची रूम द्या. दारापर्यंत गाडी आली पाहिजे. अने बाथरूममध्ये धरायला दांडी आहे काय, असं विचारलं. नव्हती. पछी मी बसवून घेतली."

मी विचारलं, हे त्यांनी कधी सांगितलं. मला वाटलं, मागच्या वर्षी असेल, आजार वाढायच्या आधी.

"आखातीजला, बेन. मी फोन केलेला ना, सणाचा. म्हणाले, डाव्या हाताने धरता येत नाही, दांडी उजवीकडे लावा."

आखातीज म्हणजे आपली आखाजी. म्हणजे अक्का दारात माझी समजूत घालत होत्या त्याच दिवशी. म्हणजे आत पलंगावर बसून ते उजवीकडे लावायच्या दांडीबद्दल बोलत होते. नानांना ठाऊक होतं, या एका गोष्टीवर मी सगळे दिवस काढले होते. त्यांना ठाऊक नव्हतं. किंवा ठाऊक असून ते जाणारच होते. यातलं खरं कोणतं, हे विचारायला आता कोणी नाही. शिकवायच्या दिवसांत मुलं मला विचारायची, मॅडम, या ओळीचा नेमका अर्थ काय, आणि मी सांगायची. आता मला कोणताच अर्थ लावता येत नाही. इतकं मात्र कळतं की ते जायची तयारी करत होते, आणि त्यांच्याशेजारी बसून मी त्यांना निरोप देत होते.

जयंतीभाई फोनवर थांबले होते. हंसाबेन मागून काही म्हणाल्या. त्यांनी भाकरीसाठी बाजरी आणून ठेवली होती, आणि मिलिंदने प्रवास रद्द करायचं ठरवल्याचं त्यांच्या कानावर नव्हतं. मी म्हटलं, "रूम ठेवा. मुलं येतील."

मिलिंदला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तो नाही म्हणाला नाही. तेव्हा तुम्ही जाणार आहात. उजाडायच्या आधी निघा, दुपारी उन्हात उतरू नका, पाणी पुरेसं घ्या. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. जयंतीभाईंकडे भूक नसली तरी जेवा. आणि ती खालची खोली... आमच्या घरी पाहुणे आले की कोणाचं अंथरूण कुठे घालायचं, हे मी ठरवत आले. लग्नकार्यात पन्नास माणसं असली तरी मला कधी अडचण पडली नाही. या एका खोलीत कोणी झोपावं, हे गेला आठवडाभर मला सुचत नाही. तुम्ही चौघं तिथे पोचल्यावर बघा. कोणीच झोपलं नाहीत तरी चालेल. फक्त आत जाऊन ती दांडी एकदा जोर लावून ओढून बघा, भिंतीत पक्की बसली आहे का. आणि रेंज आली की मला सांगा.